गिरगावातील चाळीचा गणपती आणि वर्गणीचे पावतीपुस्तक

आपल्या ज्ञातिमंडळाच्या सभासदांची यादी चाळून पाहिली असता आज बहुतेक पत्ते डोंबिवली, ठाणे, बोरिवली, पार्ले, पुणे अशा ठिकाणचे आढळतात. तथापि कोणत्याही कुटुंबाच्या दोन किंवा तीन पिढ्या मागे गेल्यास गिरगावातील एखाद्या वाडीचे अथवा चाळीचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. स्मरणिकेच्या संपादकांनी आमच्याकडे ऐतिहासिक लेख मागितला तेव्हा ज्ञातीच्या मूळपुरुषाविषयी अथवा जुन्या सरदार घराण्यांविषयी लिहावे अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु असे लेख ह्या पृष्ठांत पुष्कळ येऊन गेले आहेत. आपल्या आजोबांनी ज्ञातीचे मंडळ काढले त्याच सुमारास ते चाळीच्या उत्सवाचेही चिटणीस किंवा खजिनदार होते, ही गोष्ट मात्र फारशी कोणी लिहून ठेवलेली नाही. म्हणून आम्ही ह्या वेळी शेजाराने उभ्या केलेल्या एका संस्थेचा इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहोत. ही संस्था म्हणजे गिरगावातील केशवजी नाईक चाळींचा सार्वजनिक गणेशोत्सव होय.

केशवजी नाईक हे कच्छमधून मुंबईस येऊन कापसाच्या व कापडाच्या व्यापारात नावारूपास आलेले जैन शेटजी. मशीद बंदरजवळ भातबाजारात त्यांच्या नावाचे कारंजे व घड्याळाचा मनोरा आहे, त्यावर १८७६ हे साल आहे. शेटजींच्या नावाच्या ह्या चाळी गिरगावात आज ज्यास खाडिलकर मार्ग म्हणतात त्या रस्त्यावर आहेत. हा मार्ग 'नवाकाळ'चे संस्थापक नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या नावाचा. कच्छी व्यापाऱ्याच्या चाळी आणि त्यांत राहणारी बिऱ्हाडे कोकणातून व देशावरून आलेल्या मराठी कारकुनांची, शिक्षकांची व छापखान्यांतील नोकरांची, असा हा मुंबईचा जुना प्रकार आहे. पैसा एकाचा, वस्ती दुसऱ्याची आणि त्या वस्तीतून निघालेली संस्था मात्र सगळ्यांची, हे ह्या शहरात वारंवार घडले आहे.

ज्या तरुण वाचकांनी चाळ आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. एक किंवा फार तर दोन खोल्यांचे बिऱ्हाड, कोपऱ्यात मोरी, बाहेर सर्व बिऱ्हाडांस सामाईक असा लांबलचक सज्जा, टोकास सामाईक शौचकूप, आणि खाली चौक. घरात जागा नसल्यामुळे माणसे सज्जात बसत, सज्जात अभ्यास करीत, उन्हाळ्यात सज्जातच निजत. शेजाऱ्याचे भांडण व शेजाऱ्याचा आनंद ह्या दोन्ही गोष्टी भिंतीतून ऐकू येत. अशा ठिकाणी ज्याच्या घरी गणपती आणण्यास जागा नाही त्यालाही चौकात एक गणपती असावा असे वाटणे स्वाभाविक होते. सार्वजनिक गणेशोत्सवाचे राजकीय कारण सर्व पाठ्यपुस्तकांत असते. जागेच्या टंचाईचे हे घरगुती कारण कोणी लिहीत नाही, परंतु आमच्या मते तेही तितकेच खरे आहे.

उत्सवाचा आरंभ १८९३ सालचा. त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात मुंबईत मोठा दंगा झाला होता, शहरात धास्ती होती, आणि लोकांनी एकत्र यावे असा विचार सर्वत्र चालू होता. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून ह्या नव्या उत्सवास उचलून धरले. पुण्यात पहिला सार्वजनिक गणपती कोणी बसविला, भाऊसाहेब रंगारी यांनी १८९२ साली की लोकमान्यांच्या प्रेरणेने पुढील वर्षी, ह्याविषयीचा वाद २०१७ साली शतकोत्तर रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने पुन्हा वर आला. पुणेकरांच्या ह्या वादात आम्ही मुंबईकरांनी पडण्याचे कारण नाही. मुंबईतील आद्य उत्सव म्हणून केशवजी नाईक चाळीचे नाव घेतले जाते आणि त्याच्या संस्थापकांत नरहरशास्त्री गोडसे यांचा उल्लेख आदराने होतो, एवढे येथे पुरे. १९०१ साली स्वतः लोकमान्यांनी ह्या चाळीस भेट दिली. चाळकऱ्यांच्या दृष्टीने ही भेट म्हणजे संस्थेच्या इतिहासातील सर्वांत मोठा प्रसंग, आणि तो अभिमान योग्यच आहे.

तथापि आमचे लक्ष त्या भेटीच्या आधीच्या व नंतरच्या वर्षांकडे अधिक जाते. उत्सव सुरू होऊन तीन वर्षे होतात न होतात तोच, १८९६ च्या सप्टेंबरात, मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला. पुढील काही महिन्यांत मुंबईची सुमारे निम्मी वस्ती शहर सोडून गेली. गावी गेलेली माणसे परत आली, त्यांनी पुन्हा त्याच खोल्या घेतल्या आणि भाद्रपदात पुन्हा चौकात मखर उभे राहिले. १९०८ साली लोकमान्यांस सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले, ते १९१४ साली सुटले. ह्या काळात सरकारची करडी नजर मेळ्यांवर व त्यांच्या पदांवर होती. पुढे १ ऑगस्ट १९२० रोजी सरदारगृहात लोकमान्यांचे देहावसान झाले व गिरगावच्याच चौपाटीवर त्यांच्या देहास अग्नी दिला गेला. ज्या पुरुषाच्या नावाने उत्सव वाढला तो गेला, तरी उत्सव गेला नाही. तो कशावर टिकला, हा आमच्या लेखाचा प्रश्न आहे.

आमचे उत्तर वाचकांस कदाचित फार साधे वाटेल. आमच्या मते तो वर्गणीच्या पावतीपुस्तकावर टिकला.

गिरगावातील चाळींच्या मंडळांचा कारभार आम्ही लहानपणापासून जवळून पाहिलेला आहे, आणि तो थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखाच असे. आषाढ सरता सरता चाळीची सभा भरे. सतरंजी चौकात, बायका सज्जात उभ्या, आणि मुले जिन्याच्या पायऱ्यांवर. मागील वर्षाचे इतिवृत्त वाचून कायम केले जाई. नंतर जमाखर्च वाचला जाई, आणि ह्या वेळी ज्यांनी वर्षभर तोंड उघडलेले नसे त्यांना एकदम कंठ फुटे. गॅसबत्तीचे भाडे गेल्या वर्षापेक्षा जास्त का, खिरापतीचे खोबरे इतके कसे लागले, हार रोज का घेतला, असे प्रश्न होत. हिशेबतपासनीस बहुधा बँकेतील किंवा पोर्ट ट्रस्टमधील कारकून असे आणि तो आपल्या साहेबापुढे जितक्या गांभीर्याने उभा राहत असेल तितक्याच गांभीर्याने येथे उभा राही. त्यानंतर नवे कार्यकारी मंडळ निवडले जाई आणि वर्गणीचा दर ठरे. हा दर माणशी नसे, मिळकतीवरही नसे. तो दरखोली असे. मोठ्या पगाराच्या हेडक्लार्कची खोली आणि शिंप्याची खोली ह्यांचा दर एकच. त्यामुळे सभेत बोलण्याचा अधिकारही एकच.

आम्ही स्वतः बारा-तेरा वर्षांचे असताना पावतीपुस्तक घेऊन खोल्याखोल्यांतून फिरलो आहोत. आमच्याबरोबर एक वडील सभासद असत. त्यांनी आम्हास पहिला धडा दिला तो असा की पावती लिहिण्याआधी स्थळप्रत लिहावयाची, आणि ज्याने वर्गणी दिली त्याचे पुरे नाव व खोली क्रमांक लिहावयाचा. तिसऱ्या मजल्यावर एक वृद्ध विधवा बाई एकट्या राहत. त्यांनी पैसे नाहीत म्हणून संकोचाने एक नारळ पुढे केला. तो आम्ही तसाच घेऊन निघालो, तोच वडील सभासदांनी आम्हास थांबविले आणि त्यांच्या नावाने रीतसर पावती लिहावयास सांगितली, 'नग एक नारळ.' पुढील सभेत त्या बाई इतरांसारख्याच सज्जात उभ्या राहून जमाखर्च ऐकत होत्या व एका रकमेविषयी त्यांनी खुलासाही मागितला. शाळेत पुढे आम्ही नागरिकशास्त्र अनेक वर्षे शिकविले. लोकशाही म्हणजे काय हे सांगताना क्रमिक पुस्तकातील उदाहरणांपेक्षा ही एक पावती आम्हास अधिक उपयोगी पडली.

वर्गणी दरखोली आणि थोडी असल्याचा आणखी एक परिणाम झाला. उत्सव मोठा होऊ शकला नाही. केशवजी नाईक चाळीच्या उत्सवाकडे पाहावे. मूर्ती लहान, उंचीने दोन फुटांच्या आसपास, आणि तिचे रूप पिढ्यानुपिढ्या तेच. आगमन व विसर्जन पालखीतून. गर्जणारे ध्वनिवर्धक नाहीत. दहा दिवसांत व्याख्याने, कीर्तने, गायन, मुलांच्या स्पर्धा. ह्याच गिरगावात निकदवरी गल्लीतील १९२८ साली सुरू झालेला 'गिरगावचा राजा' आपल्या भव्य शाडूच्या मूर्तीसाठी प्रसिद्ध आहे, आणि लालबागेत कोळी बांधवांच्या व व्यापाऱ्यांच्या बाजाराच्या नवसातून १९३४ साली सुरू झालेल्या उत्सवास आज दर्शनार्थींची रांग रात्रंदिवस लागते. ह्या उत्सवांस आम्ही नावे ठेवीत नाही. लाखो लोकांच्या श्रद्धेची ती ठिकाणे आहेत आणि त्यांच्या निधीतून रुग्णांस व विद्यार्थ्यांस साहाय्य होते. २०२० साली महामारीच्या काळात लालबागच्या मंडळाने मूर्ती न बसविता रक्तदानाचा उपक्रम केला, तो सर्वांनी वाखाणला. परंतु भव्य उत्सवास देणगीदार लागतो, देणगीदारास फलक लागतो, आणि मग जमाखर्चाविषयी प्रश्न विचारण्याचा तिसऱ्या मजल्यावरील बाईंचा अधिकार हळूहळू कमी होतो. लहान मूर्तीस हे भय नाही. चाळीने आपली मूर्ती वाढविली नाही, ह्यात कोणास गरिबी दिसेल. आम्हास त्यात हिशेबीपणा दिसतो, आणि तो आम्ही चांगल्या अर्थाने म्हणत आहोत.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे, कारण हा लेख एका ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत येत आहे. चाळीचा उत्सव सार्वजनिक खरा, परंतु चाळ स्वतः सार्वजनिक होती काय? खोली कोणास द्यावयाची हे घरमालक व त्याचा भय्या ठरवीत, आणि आधीच्या भाडेकऱ्यांच्या मर्जीबाहेर ते सहसा जात नसत. अनेक वाड्या एकेका ज्ञातीच्या होत्या. आपल्याही लोकांनी आपल्या लोकांस जवळ खोल्या मिळवून दिल्या, त्याचे कौतुक ह्याच स्मरणिकेत पूर्वी झालेले आहे. ज्यांस अस्पृश्य म्हटले जाई त्यांस ह्या वाड्यांत खोली मिळणे जवळजवळ अशक्य होते. तेव्हा दरखोली समान वर्गणी हे तत्त्व उदार असले तरी ते ज्याला खोली मिळाली त्याच्यापुरते होते.

हा प्रश्न उघडपणे विचारला गेला तो दादरला, १९२६ साली. तेथील सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्य बंधूंच्याही वर्गण्या होत्या. मग पूजेचा अधिकार त्यांस का नाही, असा रोकडा सवाल प्रबोधनकार ठाकरे, रावबहादुर सीताराम केशव बोले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केला. प्रकरण हातघाईवर आले. अखेर त्या समाजातील कार्यकर्त्याने फुले द्यावीत व पुजाऱ्याने ती मूर्तीस वाहावीत अशी तडजोड झाली. पुढे दादरला सर्वांस मोकळा असा सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू झाला, त्यातही प्रबोधनकार अग्रभागी होते. ह्या वादात त्यांचा युक्तिवाद पावतीपुस्तकाचाच होता हे ध्यानात घ्यावे. ज्याची वर्गणी तुम्ही घेतलीत व ज्यास तुम्ही पावती दिलीत, त्यास तुम्ही मांडवाबाहेर कसे उभे करता? आपल्या ज्ञातिमंडळात हा प्रश्न येत नाही, कारण आपल्या पावतीपुस्तकात इतरांची नावेच नसतात. दोन्ही प्रकारच्या संस्थांत ज्यांनी काम केले त्या आपल्या आजोबांनी हा फरक मनाशी कसा सोडविला असेल, ह्याचे कुतूहल आम्हास नेहमी वाटते.

आता ह्या इतिहासाच्या उत्तरार्धाकडे वळू. तो थोडक्यात सांगण्यासारखा आहे, कारण तो दुःखाचा आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीशी जखडली गेली. भाडेकऱ्यास संरक्षण मिळाले, ते अवश्यच होते. पण घरमालकास डागडुजीत काही लाभ उरला नाही. पावसाळ्यात इमारती पडू लागल्या तेव्हा सरकारने १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमले व उपकर बसविला. टेकू लावलेल्या सज्जांतून पुढची पिढी वाढली. घरात मुलांची लग्ने झाली की एक बिऱ्हाड डोंबिवलीस जाई. प्रथम धाकटा भाऊ जाई, मग थोरला, आणि अखेर म्हातारी माणसे खोलीची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून मुलांकडे जात. त्यानंतर पुनर्विकासाचे दिवस आले. चाळीच्या जागी मनोरे उभे राहू लागले. गिरगाव व काळबादेवी भागात भुयारी मेट्रोच्या कामासाठी काही जुन्या इमारती पाडण्यात आल्या व तेथील कुटुंबांस घरे सोडावी लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगावचे मेट्रो स्थानक प्रवाशांसाठी खुले झाले. गिरगावात पोहोचणे आता पूर्वीपेक्षा फार सुलभ झाले आहे, मात्र तेथे ज्याच्याकडे जावयाचे तो माणूस पुष्कळदा तेथे नसतो.

तरीही भाद्रपद चतुर्थीस माणसे येतात. डोंबिवलीची गाडी पकडून, नातवंडास हातास धरून, जुन्या चाळीच्या आरतीस येतात व आजही आपली वर्गणी देतात. पावतीवर खोली क्रमांक जुनाच लिहून घेतात. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक गणेशोत्सवास राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. त्याचे आम्ही स्वागत करतो, परंतु ज्या उत्सवाने सव्वाशेहून अधिक वर्षे दरखोली वर्गणीवर काढली त्याला ह्या दर्जाचे अप्रूप किती वाटले असेल ह्याविषयी आम्ही साशंक आहोत. त्याची खरी चिंता निराळी आहे. खोल्या उरल्या नाहीत तर दरखोली वर्गणी कोणाकडून घ्यावयाची? मनोऱ्यात सज्जा नसतो आणि दार बंद असते. सभा भरते ती सोसायटीची, आणि तेथे बोलणे होते ते वाहनतळाविषयी. काही मंडळांनी ह्यावर तोड काढली आहे. मूळ भाडेकऱ्यांच्या वंशजांस, ते कोठेही राहोत, आजीव सभासद करून घेतले आहे. ह्यामुळे उत्सव चालू राहील. पण शेजार ह्या नात्याने निघालेली संस्था अशा रीतीने वंशाच्या नात्यावर आली, म्हणजे आपल्या ज्ञातिमंडळासारखीच झाली, हे आमच्या मनास थोडे टोचते. नव्या मनोऱ्यात आलेले गुजराती, मारवाडी, दक्षिणी कुटुंब त्या सभासदयादीत असावयास हवे, कारण आज चौकाचा शेजारी तोच आहे. ज्या मंडळांनी अशा कुटुंबांकडे जाऊन वर्गणी मागितली त्यांस ती मिळाली, असा आमचा ऐकीव नव्हे तर पाहिलेला अनुभव आहे.

एक काम मात्र आपल्या हातचे आहे आणि ते लवकर केले पाहिजे. इमारत रिकामी करावयाची नोटीस आली की माणसे भांडी, देव आणि दागिने नेतात. जुनी इतिवृत्ते, जमाखर्चाच्या वह्या, स्थळप्रतींचे गठ्ठे, कार्यक्रमपत्रिका ह्या गोष्टी रद्दीवाल्याकडे जातात. आमच्या माहितीतील एका चाळीच्या साठ वर्षांच्या वह्या अशाच एका दुपारी वजनावर गेल्या. त्या वह्यांत कोणत्या साली कोणाचे व्याख्यान झाले, मांडवास किती खर्च आला, महायुद्धाच्या टंचाईत साखर कशी मिळविली, कोणत्या खोलीने वर्गणी नाकारली व का, हे सर्व होते. असा इतिहास दुसऱ्या कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

ज्या सभासद कुटुंबांकडे गिरगावातील कोणत्याही चाळीच्या किंवा वाडीच्या उत्सवाची अशी वही, पावती, निमंत्रणपत्रिका अथवा छायाचित्र असेल त्यांनी ते ज्ञातिमंडळाच्या कार्यालयात दाखविण्यासाठी आणावे. मूळ कागद ठेवून घेतले जाणार नाहीत. त्यांची नक्कल करून ते परत केले जातील आणि आणणाऱ्यास तशी रीतसर पावती दिली जाईल. कागदावर नाव आपल्या ज्ञातीतील आहे की शेजारच्या खोलीतील, हे पाहिले जाणार नाही.